उपाख्यान आणि भरताड : 'शक्तिमान'च्या निमित्ताने

लांबलेल्या गोष्टीला नावे ठेवण्यासाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ, मारुतीचे शेपूट हे सगळे शब्द आपल्याला घरातच ऐकायला मिळतात. एखाद्याने मूळ मुद्दा सोडून भलतेच सांगायला घेतले की 'आता हा आख्यान लावणार' असे आपण म्हणतो. वास्तविक आख्यान हा आपल्या जुन्या वाङ्मयातला मानाचा प्रकार. त्याचीच थट्टा व्हावी यात आपल्या बदललेल्या अभिरुचीचा एक इतिहास दडलेला आहे. दूरचित्रवाणी मालिका आल्या आणि या शब्दसंग्रहात 'पाणी घालणे' या प्रयोगाची भर पडली. मालिका मूळ कथेने पुढे जाईनाशी झाली की तिच्यात पाणी घातले जाते.

इंग्रजी जाणणारी मुले यालाच 'फिलर' म्हणतात. हा शब्द विशेष रुळला तो जपानी चित्रमालिकांच्या संदर्भात. तिथे छापील चित्रकथेवरून मालिका बेतलेली असते. मालिकेची गती जास्त असल्यामुळे ती मूळ कथेला गाठते, आणि पुढचा मजकूर छापून येईपर्यंत वेळ काढण्यासाठी पदरचे भाग घालावे लागतात. हे भाग पाहिले काय आणि न पाहिले काय, मुख्य कथासूत्रात काही फरक पडत नाही. मराठीत त्याला मी 'भरताड' म्हणेन. भरताड विरुद्ध कथासूत्र असा हा वाद आज प्रामुख्याने अतिमानवी नायकांच्या मालिकांबद्दल घातला जातो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो पोरकट वाटण्याचा संभव आहे. पण तो वाद मुळात उपकथानकाच्या अधिकाराचा आहे, आणि त्याची मुळे आपल्याकडे बरीच खोल गेलेली आहेत. 'शक्तिमान' या मालिकेच्या निमित्ताने ती तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात महाभारतापासून करणे भाग आहे. आदिपर्वात महाभारत स्वतःच स्वतःचा हिशेब देते. उपाख्याने वगळून भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची, आणि उपाख्यानांसह धरला तर हा ग्रंथ लक्ष श्लोकांचा, असे ते सांगते. म्हणजे मुख्य कथा किती आणि जोडकथा किती याची जाणीव ग्रंथकर्त्यांना पूर्ण होती. तीन चतुर्थांश मजकूर उपाख्यानांच्या खात्यावर जमा आहे हे सांगताना ग्रंथाला संकोच वाटत नाही. उलट तो त्याच्या वैभवाचा भाग आहे.

संकोच वाटू लागला तो आधुनिक अभ्यासकांना. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. या आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर यांनी १९३० च्या दशकात भृगुकुलाच्या कथांवर जो प्रबंधवजा लेख लिहिला, त्यात या एका कुळाच्या कथा भारतकथेत किती ठिकाणी आणि किती विस्ताराने शिरल्या आहेत हे दाखवून दिले. कोणता मजकूर आतला आणि कोणता बाहेरून आलेला हा प्रश्न तेव्हापासून आपल्या अभ्यासाचा स्थायीभाव झाला. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधील (१९६७) लेखही मुख्य कथेतल्या माणसांवरच आहेत. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्या पंक्तीला तिथे नल आणि दमयंती नाहीत. त्या पुस्तकाचे प्रयोजन पाहता ते योग्यच आहे. पण आपल्या पिढ्यांनी महाभारत वाचायचे ते असेच, अशी समजूत त्यातून नकळत दृढ झाली.

आता नलोपाख्यानच पाहू. पांडव वनात आहेत. युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व घालवून बसला आहे, आणि बृहदश्व ऋषींना तो विचारतो की माझ्याहून अभागी राजा कुणी झाला आहे काय? उत्तर म्हणून बृहदश्व नलाची कथा सांगतात. ती कथा अनेक अध्याय चालते. त्या अवधीत एकही पांडव जागचा हलत नाही आणि कौरवांचे नावही निघत नाही. आजच्या व्याख्येप्रमाणे हे शुद्ध भरताड होय. पण कथा संपल्यावर काय होते? ऋतुपर्णाकडून नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, मिळाले होते. तीच विद्या बृहदश्व युधिष्ठिराला देतात. पुढे विराटाच्या दरबारात युधिष्ठिर कंक नावाने राहतो तो द्यूतातला जाणकार म्हणूनच. द्यूतात हरलेला माणूस उपाख्यान ऐकून द्यूताचे मर्म घेऊन उठतो. मुख्य कथा तीच आहे, पण ऐकणारा आता पूर्वीचा उरलेला नाही.

पुढे जयद्रथ द्रौपदीला पळवून नेतो आणि तिची सुटका होते. तेव्हा खचलेल्या युधिष्ठिराला मार्कंडेय रामोपाख्यान सांगतात, कारण तिथेही पत्नीचे हरण आहे. मग द्रौपदीसारखी पतिव्रता दुसरी कुणी झाली का, या प्रश्नावर सावित्रीची कथा येते. दोन्ही कथा विशिष्ट माणसाला, विशिष्ट घटकेला सांगितल्या आहेत. उपाख्यानाची पहिली कसोटी इथे सापडते असे मला वाटते : ती कथा कुणाला सांगितली जात आहे, आणि ऐकून झाल्यावर त्याच्या हाती काय लागते?

मराठी वाङ्मयाने तर उपाख्यानाला स्वतंत्र संसार थाटून दिला. एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' (१५७१) हे भागवताच्या दशम स्कंधातल्या तीनेक अध्यायांचे अठरा प्रसंगांत केलेले विस्तारकार्य आहे. रघुनाथ पंडितांचे 'नलदमयंतीस्वयंवराख्यान' घ्या, मोरोपंतांची आख्याने घ्या. पंडितकवींची सारी परंपरा मोठ्या कथेतून एक प्रकरण उचलून ते पूर्णत्वाला नेण्याची आहे. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'चे (१७१८) चौदा अध्याय आहेत, पण आजही असंख्य घरांत नित्यपाठ होतो तो एकट्या अकराव्या अध्यायाचा. मागचे दहा वाचले नाहीत म्हणून कुणाला कथा कळत नाही असे होत नाही.

हे कसे शक्य होते, याचे उत्तर आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलखात दर वर्षी पाहायला मिळते. या डोंगराळ भागात वारकरी संप्रदाय मुरलेला आहे आणि गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण चालते : अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सात दिवसांत पूर्ण करायच्या. हे झाले कथासूत्र. एक दिवस चुकला तर सलगता तुटली. रात्री मात्र कीर्तन असते. रोज नवा कीर्तनकार, रोज नवा अभंग; त्या रात्रीचे निरूपण त्या रात्रीच पुरे होते. मुंबईहून शेवटच्या दोन दिवसांसाठी आलेला चाकरमानी कीर्तनाला बसतो तेव्हा त्याला मागचे काही विचारावे लागत नाही. अखेर काल्याचे कीर्तन, त्यात श्रीकृष्णाच्या बाललीला, आणि मग प्रसाद. एकाच मांडवात सलग कथन आणि सुटे कथन यांची अशी वाटणी झालेली आहे, आणि दोन्हीकडे माणसे बसतात.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की काला कधी आहे हे पत्रिकेवर छापलेले असते. चौथ्या रात्रीचा कीर्तनकार रंगला, दृष्टान्तावर दृष्टान्त देत गेला, तरी 'आता हा मुद्द्यावर कधी येणार' अशी चुळबुळ होत नाही. शेवट सर्वांना ठाऊक आहे. तो लपवून ठेवलेला नाही.

पोवाड्याचेही तसेच. तुळशीदास शाहिराने सिंहगडचा प्रसंग गाइला, अग्निदासाने अफजलखानाच्या वधाचा. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते; ते पोलादपूर तालुक्यातले. ज्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला तो महाड तालुक्यातला. या मुलखातल्या श्रोत्याला शिवचरित्राचा आरंभ आणि परिणती दोन्ही डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून १६७० च्या एका रात्रीवर शाहीर तासभर थांबला तरी कथा अडली असे त्याला वाटत नाही. कथासूत्र श्रोत्याच्या मनात आधीच तयार आहे. शाहीर त्यातला एक मणी उचलून उजेडात धरतो. उपाख्यानाची दुसरी अट ही : मोठी कथा समाजाच्या मालकीची असावी लागते.

मुद्रणाने ही अट मोडली. ह. ना. आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो'सारख्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः येऊ लागल्या. यमूचे पुढे काय होणार हे आता कोणत्याही वाचकाला ठाऊक नव्हते. ते फक्त लेखकाला ठाऊक, किंवा त्यालाही पुढच्या आठवड्यापर्यंत नाही. शेवट ही आता दडवून ठेवण्याची आणि हप्त्याहप्त्याने विकण्याची वस्तू झाली. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाचा उल्लेख आपल्या समीक्षेत वारंवार येतो आणि त्याचे कारण म्हणून या साप्ताहिक हप्त्यांकडे बोट दाखवले जाते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. पाल्हाळ आणि अपुरेपणा हे दोन्ही एकाच व्यवस्थेचे परिणाम आहेत. सप्ताहात काला चुकत नाही. साप्ताहिकात मात्र शेवटाची हमी कुणीच देत नाही.

याला दुसरा उपाय काढला तो रहस्यकथाकारांनी. बाबुराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांचे नायक पुस्तकागणिक नव्या संकटात पडतात, सुटतात आणि पुढच्या पुस्तकात जसेच्या तसे हजर होतात. इथे मोठी कथा नाहीच, त्यामुळे भरताडाचाही प्रश्न नाही. वाचनालयात जे पुस्तक मिळेल ते न्यावे, क्रम पाहू नये. मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी ज्यांनी लावली त्यांत या सुट्या, क्रमहीन पुस्तकांचा वाटा मोठा आहे. आपल्या अभ्यासक्रमांनी त्याची दखल क्वचितच घेतली आहे.

अतिमानवी नायकाचे कथन असेच का असते याची मीमांसा उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवरच्या निबंधात केली आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : पुराणातल्या नायकाची कथा घडून गेलेली असते, कादंबरीच्या नायकाची घडत असते. सुपरमॅनला दोन्ही व्हायचे आहे. तो पुराणपुरुषासारखा अढळ हवा आणि कादंबरीच्या नायकासारखा दर आठवड्याला नव्या घटनेत सापडायला हवा. पण घटना म्हटली की माणूस झिजतो. लग्न झाले, मूल झाले, की तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो. म्हणून प्रत्येक गोष्ट अशी सुरू करायची की जणू आधीची घडलीच नाही. १९५२ ते १९५८ या काळातली सुपरमॅनची अमेरिकन मालिका १०४ भागांची होती आणि ती मुख्यतः याच पद्धतीने चालली. पुढे 'स्मॉलविल'ने (२००१-२०११) त्याच नायकाच्या घडणीची सलग कथा सांगायला घेतली, पण तिचेही २१७ भाग झाले आणि सुरुवातीच्या वर्षांत आठवड्याला एक नवा विक्षिप्त शत्रू हीच तिची चाकोरी होती.

या पार्श्वभूमीवर 'शक्तिमान'कडे यावे. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मार्च २००५ पर्यंत चालली. भागांची संख्या चारशेच्या वर गेली. दिग्दर्शक दिनकर जानी, निर्माते आणि नायक मुकेश खन्ना. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हा वृत्तपत्रातला भाबडा छायाचित्रकार, आणि तोच शक्तिमान. गीता विश्वास ही धाडसी वार्ताहर शक्तिमानवर भाळलेली, गंगाधरला मात्र हसणारी. हा ढाचा उघडच सुपरमॅनवरून आला होता. पण त्याला जोड दिली होती ती देशी सामग्रीची : सूर्यांशींचा संप्रदाय, कुंडलिनी, सात चक्रे, पंचमहाभूते, पूर्वजन्म. आणि समोर अंधाराचा अधिपती तमराज किल्विष.

किल्विषाची भूमिका सुरेंद्र पाल यांची होती. १९८८ ते १९९० या काळात दाखवल्या गेलेल्या बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मध्ये मुकेश खन्ना भीष्म होते आणि सुरेंद्र पाल द्रोणाचार्य. म्हणजे ज्या दोघांना प्रेक्षकांनी कुरुक्षेत्रावर एका सेनेत पाहिले तेच सात-आठ वर्षांनी आमनेसामने उभे राहिले. हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. चोप्रांची मालिका ९४ भागांत संपली. तिचा शेवट ठरलेला आणि सर्वज्ञात होता, आणि ठरलेल्या भागांत कथा बसवण्यासाठी वनपर्वातल्या बहुतेक उपाख्यानांना तिथे जागा मिळाली नाही. तिने महाभारतातली उपाख्याने गाळून सूत्र ठेवले. 'शक्तिमान'ने जणू उलटे केले : सूत्र दूर क्षितिजावर ठेवले आणि जागा दिली ती सुट्या प्रकरणांना. भीष्माला इच्छामरण होते, तरी तो म्हातारा झाला, शरपंजरी पडला, गेला. त्याच नटाचा शक्तिमान आठ वर्षांत एक दिवसही वयाने वाढला नाही.

सुरुवातीच्या भागांत कथासूत्र सशक्त होते. नायकाला शक्ती कशी मिळाली, त्यासाठी त्याला कोणत्या दिव्यातून जावे लागले, किल्विषाशी त्याचे वैर कोणत्या स्वरूपाचे आहे हे सारे तिथे उभे राहते. पण एकदा मांडामांड झाली की कधी एका, कधी तीन-चार भागांत एक दुष्ट येतो, गावाला छळतो, हरतो. डॉ. जैकाल नवे प्रयोग करत राहतो, किल्विष अंधारातून आज्ञा देत राहतो. गीता-गंगाधर-शक्तिमान हा त्रिकोण जिथल्या तिथे राहतो. सुरुवातीला किटू गिडवानी यांनी रंगवलेली गीता पुढे वैष्णवी महंत यांच्याकडे आली; चेहरा बदलला तरी कथेला धक्का बसला नाही, कारण त्या पात्राला झीज नव्हती. एकोंचे सूत्र इथे तंतोतंत लागू पडते.

यामागचा व्यवहारही पाहिला पाहिजे. त्या काळात दूरदर्शनवर प्रायोजित मालिकेचा निर्माता प्रसारणाचे शुल्क भरत असे आणि त्या बदल्यात त्याला जाहिरातींचा वेळ मिळत असे. तो वेळ विकून खर्च भरून काढायचा. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही, सव्वीस म्हणजे सहामाही, बावन्न म्हणजे वर्ष. मालिकांचे भाग या पटीत मोजले जात ते उगाच नव्हे. अशा व्यवस्थेत मालिका चालली तर ती संपवण्याचे कारण नाही, आणि न चालली तर संपवायला वेळ नाही. काल्याची तारीख छापायची तरी कशी? मालिका थांबण्याचे कारण म्हणून खुद्द खन्ना यांनी नंतरच्या मुलाखतींत दूरदर्शनच्या वाढत गेलेल्या शुल्काचा उल्लेख केला आहे. अंधार आणि प्रकाश यांच्या संग्रामाचा निकाल अशा रीतीने जमाखर्चाच्या वहीत लागला. भरताड हे लेखकांच्या आळसातून येते असे आपण समजतो. बहुधा ते अशा करारांतून येते, ज्यांत शेवटाला किंमतच नसते.

इथवर मी भरताडाविरुद्धची बाजू मांडली. आता दुसरी बाजू. तिचे शिक्षण मला औद्योगिक वसाहतीने दिले.

बिरवाडीच्या परिसरातील महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. रसायनाची प्रक्रिया रविवार पाहून थांबत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. आठवड्याआठवड्याने पाळी बदलायची. माझ्या शाळकरी वयात 'शक्तिमान' रविवारी दुपारी बाराला लागे. पहिल्या पाळीचा कामगार त्या वेळी कारखान्यात असे. रातपाळीचा सकाळी येऊन झोपलेला असे, मुलांच्या गलक्याने उठून बसे. दुसऱ्या पाळीचा डबा भरून होईपर्यंत पडद्यासमोर टेकत असे. म्हणजे वडीलमंडळींच्या वाट्याला तीन रविवारांतले दोन, तेही अर्धेमुर्धे. आम्हा मुलांचेही रविवार वीज, पाऊस आणि गावची लग्ने यांच्या हवाली होते. आणि चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय कुठेच नव्हती.

अशा प्रेक्षकाला सलग कथासूत्राची मालिका म्हणजे बंद दार आहे. तो आत येईल तेव्हा माणसे ओळखीची असावीत, संकट नवे असावे आणि तासाभरात त्याचा निकाल लागावा, ही त्याची रास्त अपेक्षा असते. सुटा भाग हे त्याच्यासाठी मोकळे सोडलेले दार होते. सप्ताहातले रात्रीचे कीर्तन जे चाकरमान्याला देते तेच ते होते. या दृष्टीने पाहिले तर 'हा भाग नसता तरी चालले असते' हे वाक्य कोण उच्चारू शकतो हे तपासावे लागते. ज्याने बाकीचे सगळे भाग पाहिले आहेत तोच. भरताडाविषयीचा तिटकारा ही संपूर्ण संहिता हाताशी असलेल्यांची चैन आहे. सुकथनकरांच्या टेबलावर सर्व हस्तलिखिते होती. गावातल्या श्रोत्यापुढे त्या रात्रीचा पौराणिक होता.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखवली, तेव्हा हा फरक प्रकर्षाने जाणवला. आठवड्याच्या अंतराने पाहताना जी पुनरावृत्ती आठवणीला आधार वाटत होती, तीच भाग पाठोपाठ पाहताना खटकू लागली. मालिका तीच होती, मधला काळ तेवढा नाहीसा झाला होता.

आजची पद्धत या मधल्या काळाला पूर्णच रजा देते. २०१५ साली आलेल्या 'डेअरडेव्हिल'चे तेराही भाग एकाच दिवशी उपलब्ध झाले. सुट्या भागाची गरज संपली, म्हणून भरताडही संपेल अशी अपेक्षा होती. तसे झालेले नाही. सहा भागांची कथा तेरा भागांत ताणली आहे, अशी तक्रार या पद्धतीच्या मालिकांबद्दल वारंवार ऐकू येते. आपल्याकडे दैनंदिन मालिकांनी हा प्रकार आधीच परिपूर्ण केला होता. 'चार दिवस सासूचे' (२००१-२०१३) ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिचा एक भाग घेतला तर तो स्वतःत पूर्ण नाही, आणि त्याने कथाही फारशी पुढे जात नाही. इथे भरताड आणि ताणणे यांत भेद करायला हवा. भरताडाचा भाग निदान एक गोष्ट पुरी करतो. ताणलेला भाग तेवढेही देत नाही. 'शक्तिमान'चा सामान्य भाग भरताड असेल, पण तो पाहून उठलेल्या मुलाच्या हाती सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली एक कथा पडत होती. कथा पुरी होते म्हणजे काय, हे त्या वयात कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग 'शक्तिमान'मध्ये काय कमी पडले? नलोपाख्यान दोन कामे एकदम करते. नवख्या श्रोत्याला ते पूर्ण कथा देते. आणि जो पहिल्यापासून ऐकत आहे त्या युधिष्ठिराला, आणि त्याच्या आडून आपल्याला, पुढच्या प्रवासासाठी काहीतरी देते. 'शक्तिमान'च्या सुट्या भागांनी पहिले काम बहुतांशी केले, दुसरे क्वचितच. एका दुष्टाला हरवताना नायकाला जे उमगले ते पुढच्या दुष्टाशी लढताना कामी आले, असे सहसा घडले नाही. सात चक्रांची कल्पना तर अशा वाढीसाठीच जन्मली असावी इतकी सोयीची होती! एकेका उपाख्यानातून एकेक चक्राची उकल होत गेली असती तर सुटे भाग आणि सूत्र यांत वैर उरले नसते. पण चक्रे पहिल्यापासून जागी होती. शिकण्यासारखे नायकाला काही उरले नव्हते. जो नायक काही शिकू शकत नाही त्याच्या कथेत उपाख्यान सांगायचे तरी कुणाला? मला वाटते, अतिमानवी नायकाच्या मालिकांची खरी अडचण ही आहे. भागांची संख्या हा तिचा दृश्य परिणाम.

आपल्यापैकी बरेच जण वर्गात कादंबरी शिकवतात. एकसंधता, बांधेसूदपणा, अनावश्यक तपशिलाचा अभाव हे निकष आपण सवयीने लावतो आणि उपकथानकाला 'मुख्य कथानकाशी त्याचा संबंध स्पष्ट करा' असा प्रश्न विचारून मोकळे होतो. संबंध हा शब्द तिथे फार ढोबळ आहे. त्याऐवजी दोन प्रश्न विचारून पाहावेत. हे प्रकरण आजच आलेल्या वाचकाला आत घेते का? आणि पहिल्यापासून सोबत असलेल्या पात्राला किंवा वाचकाला ते काही देऊन परत पाठवते का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ते उपाख्यान. पहिलेच होकारार्थी असेल तर भरताड, पण त्यालाही आतिथ्याचा गुण आहे हे मान्य करावे. दोन्ही नकारार्थी असतील तर मात्र ते पाणी.

आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांपैकी कित्येक जण आठवड्यातले काही दिवस वसाहतीत कंत्राटी काम करतात आणि उरलेल्या दिवशी वर्गात बसतात. सोमवारी सुरू केलेले प्रकरण गुरुवारी संपवताना समोरची निम्मी तोंडे नवी असतात. अभ्यासक्रमाचे सूत्र सांभाळायचे तर आहेच. पण प्रत्येक तास त्या दिवशी आलेल्या मुलापुरता तरी पुरा व्हावा, आणि रोज येणाऱ्यालाही त्यातून पुढे जायला काही मिळावे, ही बृहदश्वाची कसोटी मला अध्यापनातही लागू वाटते. ती जमते असा दावा नाही. मात्र अर्धवट हजेरीच्या या मुलांना आपण जेव्हा मागचे न आल्याबद्दल बोल लावतो, तेव्हा आपण त्यांच्याकडे सर्व भाग पाहिलेल्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहत असतो, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.